बांबूच्या टोकाला दक्षिण अमेरिका

शुक्रवार, दुपारी २:०५

लूम बंद झाले की चंपाच्या डोक्यात लूम चालू होतात.

आठवड्याचे सहा दिवस ती खालच्या शेडमध्ये लूमच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरते. चोवीस लूम, सगळे एकदम बोलणारे. त्या खडखडाटात तिचे कान निवांत असतात. शुक्रवारी सकाळी आठाला गल्ली सुटीवर जाते, रात्री आठापर्यंत एकही पट्टा फिरत नाही, आणि मग चंपाला नुसता आवाज, आवाज, आवाज. तो ओसरायला दुपार होते. ओसरला की ती भाकरी खाऊन, हात धुऊन, लोखंडी जिना चढून दाजीशेटच्या खोलीत जाते आणि हेडफोन घालते.

दाजीशेट म्हणजे शेडचे मालक. वय एकाहत्तर, गळ्यात तुळशीची नाही, वायरची माळ: जोडायला, तोडायला, सोलायला कायम हाताशी. अठ्ठ्याऐंशी साली सरकारची परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं. मध्ये ना टॉवर, ना केबल, ना कंपनी. आपला संच, आपली छपरावरची तार, आणि जगात कुठेतरी आपल्यासारखाच रिकामटेकडा माणूस. हे पुतळाबाईंचे शब्द. पुतळाबाई दाजींच्या पत्नी.

भिंतीवर जगाचा नकाशा. नकाशावर पाच टाचण्या: आशिया, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका. सहावी टाचणी छत्तीस वर्षं डबीत.

"आज काय म्हणतो?" चंपानं विचारलं.

"कोण?"

"तुमचा वरचा शेट."

दाजींनी खिडकीतून सूर्याकडे बघितलं, घड्याळ बघतात तसं. "डागच डाग आहेत. माल एकदम फर्स्ट क्लास."


डागांबद्दल

हे डागांचं चंपाला पहिल्यांदा पटलंच नव्हतं. तिच्या धंद्यात डाग म्हणजे कापड परत. तेलाचा एक ठिपका पडला तरी अख्खा तागा दुय्यम मालात जातो. आणि हे म्हणतात, सूर्यावर डाग जितके जास्त तितकं बरं.

दाजींनी तिला टेबलावर चादर धरून समजावलं होतं. "ही बघ. हवेच्या पार वर अशी एक चादर आहे. सूर्यच विणतो ती, त्याच्या उजेडानं. आपला आवाज वर जातो, चादरीवर आपटतो आणि लांब कुठेतरी खाली उतरतो. चादर विरविरीत असली की आवाज आरपार, गेला आभाळात. दाट असली की परत. डाग जास्त म्हणजे सूर्य जोरात, चादर दाट. अकरा वर्षांनी एकदा सूर्याचा सीझन येतो."

"आपल्याकडे दिवाळीच्या आधी येतो तसा?"

"तसाच. फक्त अकरा दिवाळ्या सोडून."

दाजींनी चार सीझन पाहिले. एकोणनव्वदला संच कच्चा होता. दोन हजार एकला शेडमध्ये चोवीस लूम आले आणि त्यांच्या मोटारींच्या आवाजात सगळं जग बुडालं. चौदाचा सीझन सूर्यानंच अर्ध्या मनानं केला. आणि हा चौथा. पुढचा येईल तेव्हा दाजी ब्याऐंशीचे.

ते राहू दे. पुढच्या सीझनपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता. उद्या शनिवार.


उद्या शनिवार

दाजींचा मुलगा मनोज. शेड आता तोच चालवतो. त्याला छपरावर सोलर पॅनेल बसवायचे आहेत, आणि पॅनेल जिथे बसायचे बरोबर त्याच जागी दाजींचा तारेचा खांब आहे. चार महिने जेवताना हेच. शेवटी गेल्या रविवारी भाताच्या वाफेवर मनोज म्हणाला:

"बाबा, शुक्रवारपर्यंत तुमची ती दक्षिण अमेरिका लावून दाखवा. लागली तर खांब राहील, मी पॅनेलवाल्याला सांगतो. नाही लागली तर शनिवारी सकाळी खांब खाली. बोला."

"बोललो," दाजी म्हणाले.

"आन् मी ऐकला," पुतळाबाई म्हणाल्या. "आता कोनी फिरायचा न्हाय."

चंपाला कोणी विचारलं नव्हतं. पण खांब गेला की तिचा शुक्रवारही जाणार होता. सहा दिवस कांड्या आणि सातव्या दिवशी जग, असं तिचं दोन वर्षांपासून बसलं होतं. आता सातव्या दिवशीही नुसते कपडे धुवायचे?


चंपा वर कशी आली

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सूत संपलं म्हणून ती सांगायला वर आली. दाजी संचासमोर बसले होते, भोंग्यातून नुसती खरखर.

"शेट, सूत संपलंय. आणि हा बाबा कधीचा ओरडतोय, त्याला उत्तर द्या ना."

"कुठला बाबा?"

"हा काय. आकडे सांगतोय. फाइव्ह, नाइन. परत फाइव्ह, नाइन."

दाजींनी कान भोंग्याला चिकटवला. खरखर. चाळीस वर्षांच्या लूमनं त्यांचे कान खाल्ले होते. चंपाचेही पंचवीस वर्षं तेच खात होते, पण तिचे वेगळ्या तऱ्हेनं खाल्ले गेले: जाड आवाज तिला ऐकूच येत नाही आणि त्याच्या खालचा बारीक आवाज मात्र सुटत नाही. शेडमध्ये एका लूमचा धोटा घासायला लागला तर चोवीसांतला तो कुठला हे ती पाठमोरी सांगते.

तेव्हापासून ठरलं. ऐकायचं चंपानं, बोलायचं दाजींनी. बोलायला लायसन लागतं, ऐकायला नाही. आणि तिनं ऐकलेलं दाजींना कळवायचं कसं? ओरडून? शेडमध्ये कोणी ओरडत नाही. शेडमध्ये हात बोलतात.


खुणांची वही (चंपाच्या अक्षरात)

करंगळी वाकडी. शेडमध्ये: तार तुटली. वर: आवाज तुटतोय.

पालथा हात हळूहळू खाली. शेडमध्ये: बीम (उभ्या सुताचा रूळ) संपत आलं. वर: बुडाला, बुडाला, गेला.

बशी फुंकल्यासारखं. शेडमध्ये: चहा आला. वर: श्रीलंका.

मिशीला पीळ. शेडमध्ये: मालक आला. वर: इटली. (सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलते म्हणून.)

दोन्ही हात उचलून खांद्यावर. शेडमध्ये: तागा पुरा झाला, उतरवा. वर:

इथे वहीत जागा मोकळी आहे.


४:०५

दुपार झकास चालली होती. जपान झाला. केनिया झाला. इटलीच्या वेळी चंपानं इतक्या मन लावून मिशी पिळली की चहा घेऊन आलेल्या पुतळाबाई दारातच हसत बसल्या.

"ह्यांनाच दावतेस ना?"

"नाही ओ काकू, इटली आहे."

"इटली काय न् हे काय. दोगांना आयकू कमी न् बोलना जास्त."

एकच तक्रार होती. खाली गल्लीत नेत्राचं पिको-फॉलचं दुकान. तिच्या मशीनची मोटर चालली की हेडफोनमध्ये टर्र, टर्र, जणू कानाशी कोणी कापड फाडतंय. एरवी शुक्रवारी ती दुपारनंतर मशीन बंद ठेवायची. आज नाही.

"उद्या लग्न आहे, दाजी!" नेत्रा खालूनच म्हणाली होती. "सतरा साड्या आहेत. नवरीकडच्यांना काय सांगू, अमेरिका लागत होती?"

दक्षिण अमेरिकेची वेळ म्हणजे संध्याकाळी पाच ते साडेसहा. तेव्हा तिकडे सकाळ झालेली असते, इकडे सूर्य अजून मावळलेला नसतो, मधला सगळा आफ्रिका उन्हात असतो. म्हणजे चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. नुसतं त्यांचं ऐकून भागत नाही. त्यांनी आपली अक्षरं, म्हणजे लायसनवरचं नाव, ऐकायची, आपण त्यांची, आणि एकमेकांचा आवाज कसा येतोय ते आकड्यात सांगायचं. दोन्हीकडून झालं तरच टाचणी.

दाजी हात चोळत होते. चंपानं पदर कमरेला खोचला.


४:१२







४:१२, परत

काही नाही.

कुजबुज नाही, शीळ नाही. ती खरखरसुद्धा नाही, जी दोन वर्षांत एक क्षण थांबली नव्हती.

चंपानं हेडफोन काढला, झटकला, परत घातला. मग करंगळी वाकडी केली.

"आवाज तुटतोय?"

तिनं मान हलवली. मग पाचही बोटं वाकडी केली.

आता लूमवाल्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक असते. लूम चालता चालता गप्प झाला म्हणजे तार तुटली. शोधायची, गाठ मारायची, दांडा ओढायचा. दुसरा विचार त्याच्या मनाला शिवत नाही, कारण चाळीस वर्षांत दुसरं काही झालेलं नसतं. दाजी खुर्चीतून उठले ते हातात पकड घेऊनच.

"मनोज! ए मनोज! तार तुटली! वर ये!"

मोबाइलवर बघितलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण मोबाइल खाली होते, चार्जिंगला. चार्जर संचात कुरकुर करतो म्हणून वर मोबाइल आणायचा नाही, असा दाजींचाच नियम.

मनोज आला, तोंडावर न मावणारं समाधान घेऊन. "तार उतरवायची? उतरवतो की. उद्या तेच तर करायचं होतं."

"तपासायला उतरवायची. परत चढवायची आहे."

"बघू."

तार काही मोठी नव्हती. साडेसोळा फूट, मधोमध केबल जोडलेली. एक टोक खांबावर, दुसरं पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडवर, कप्पीतून नायलॉनच्या दोरीनं. दाजी आणि मनोज छपरावर चढले. मनोजनं टाकीकडची दोरी सोडली. तार झोळ घेत खाली यायला लागली, गल्लीच्या बाजूला.

चंपा खोलीतच होती, हेडफोन कानाला. काढायचं तिला सुचलंच नव्हतं. त्या मुक्या पोकळीत तिला एकच आवाज आला, लांबून.

टर्र.

नेत्राचं मशीन. तार जशी खाली, गल्लीकडे येत गेली तसा तो आवाज वाढत गेला. टर्र. टर्र्र. टर्र्र्र.

चंपा उभी राहिली. तार तुटली असती तर नेत्राही गप्प झाली असती. नेत्रा येतेय. म्हणजे जवळचं येतंय. लांबचंच तेवढं गेलंय.

ती खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळली. "शेट! थांबा! तार जिवंत आहे! तार नाही तुटली!"

"मग काय तुटलं?" वरून मनोज.

दाजींनी पकड खाली ठेवली. आधी चंपाकडे बघितलं, मग पश्चिमेला, टाकीच्या वर आलेल्या सूर्याकडे. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, ह्याला शिंक आली!"


शिंक

जेवढं दाजींनी छपरावर उभं राहून सांगितलं तेवढंच.

सूर्य कधीमधी शिंकतो. त्या शिंकेचे किरण आठ मिनिटांत इथे. वरची चादर असते ना, तिच्या खाली अजून एक पातळ गोधडी असते. शिंक आली की ती गोधडी ओली होते, आणि आपला आवाज वरच्या चादरीपर्यंत पोचायच्या आधीच ती तो पिऊन टाकते. ऊन असेल तिथे सगळीकडे. इथे, आफ्रिकेत, तिकडे अमेरिकेत. म्हणजे ४:०४ ला, पुतळाबाई चहा गाळत असताना, सूर्यानं शिंकून घेतलं होतं.

"वाळते का ती गोधडी?" चंपानं विचारलं.

"वाळते. अर्धा तास, एक तास, दोन तास."

"नक्की किती?"

"त्याला विचारून सांगतो."

"आणि आपली पट्टी?"

दाजी पहिल्यांदा हसले. "आपली रेडिओची पट्टी दहा मीटरची. सगळ्यांत वरची. बुडते शेवटी, उघडते पहिली."

तेवढ्यात मनोज टाकीपाशी काहीतरी पुटपुटला. दोरी परत ओढायला गेला तर ती कप्पीच्या चाकावरून घसरून फटीत जाऊन बसली होती. ना वर, ना खाली. आणि तारेचं मोकळं टोक शेडच्या पत्र्यावर पसरलं होतं.

"पत्र्याला लागून नाही चालणार," दाजी म्हणाले. "वर उचल."

"कशाला बांधू?"

सगळ्यांनी आजूबाजूला बघितलं. टाकीचा स्टँड लोखंडी, कप्पीविना तिथे बांधली तर तार लोखंडालाच टेकणार. कठडा लोखंडी. जिना लोखंडी. भिवंडीच्या छपरावर लोखंडाशिवाय काय असतं?

पुतळाबाईंचा बांबू असतो.

गच्चीच्या कोपऱ्यात चटईवर सुके बोंबील पसरले होते आणि कावळे हाकायला चौदा फुटी बांबू. पुतळाबाई तो छातीशी धरून उभ्या होत्या.

"न्हाय देनार. माजं बोंबील कोन राखील?"

"आये, दे. अर्धा तास."

"तू धरनार हायेस?"

मनोजनं बापाकडे बघितलं. चंपाकडे बघितलं. रविवारी भाताच्या वाफेवर आपण काय बोललो ते त्याला आठवलं असावं, कारण तो म्हणाला, "उद्या कोणी म्हणायला नको, मनोजनं तार पाडली म्हणून जिंकला."

दोरीचा तुकडा बांबूच्या शेंड्याला बांधला, तारेला हात लागू नये एवढा लांब. आणि मनोज, चोवीस लूमचा चालक, पत्र्यावर उभा राहून बोंबलांचा वास येणारा बांबू आभाळात धरून बसला. बसला नाही. उभाच होता. बसलं की टोक खाली येत होतं.


४:४०

काही नाही.


४:५५

काही नाही. मनोजनं खालून मोबाइल मागवला. नियम गच्चीला लागू नव्हता. एका हातात बांबू, एका हातात मोबाइल. "बाबा, शिंकेचा नकाशा लाल दाखवतोय. आफ्रिका अख्खा लाल. आपणपण लाल."

"कडा बघ. कडेला पिवळं व्हायला लागलं का?"

"नाही."

मिनिटभरानं, कोणी न विचारता: "अजून नाही."


५:१५

काही नाही. "पिवळं झालं!" मनोज ओरडला आणि बांबू डुलला.


५:२१

चंपानं डोळे मिटले.

सुटीनंतर गल्लीत पार टोकाला पहिला लूम सुरू होतो, तेव्हा तो ऐकू येत नाही. पायाखाली जाणवतो. तसंच. आवाज नव्हे, आवाजाची जमीन. मग खरखर. तिची जुनी, ओळखीची, लाडकी खरखर.

तिनं तर्जनी वर केली. दाजींचं बोट बटणावर गेलं.

५:३३ ला माणूस. नामिबियाचा, घाईघाईत बोलणारा. दाजींनी त्याला नुसता नमस्कार करून सोडलं. आज आफ्रिकेशी गप्पा मारायला वेळ नव्हता. सूर्य टाकीच्या खाली आला होता.

मग चंपाच्या लक्षात आलं, आवाज मध्येच बुडतो आणि मध्येच वर येतो. तिनं पालथा हात खाली केला. दाजी म्हणाले, "चादर हलतेय." चंपानं डोळे उघडून खिडकीतून वर बघितलं. चादर नव्हती. मनोजचे हात होते. थकले की बांबू खाली, टोक खाली, आवाज खाली.

"काकू! त्यांना सांगा, वर!"

पुतळाबाई बोंबलांपाशी होत्या. तिथूनच: "मनोज! हात वर कर रं! लहानपनी पतंग उडवायला दमत न्हवतास!"

हात वर. आवाज वर.

दाजींनी खिडकीतून तारेकडे बघितलं. खांबापासून खाली, पश्चिमेला, अमेरिकेच्या बाजूला, तिरकी उतरलेली. "छत्तीस वर्षांत मी अशी वाकडी लावली नसती," ते पुटपुटले.


५:५२

बाई होती.

नामिबियाच्या मागे, खरखरीच्या तळाशी, सुताच्या एका धाग्याएवढी बारीक. इंग्रजी अक्षरं सांगत होती. चंपाला इंग्रजी येत नाही, पण ही अक्षरं येतात: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. त्यांचा रेडिओवाल्यांचा पाढा तिला कांड्या भरता भरता पाठ झाला होता.

तिनं कागदावर लिहिलं: चार्ली. एक्सरे. पहिल्या अक्षरांवरून देश कळतो.

दाजींनी कागद बघितला. चष्मा काढला, पुसला, परत बघितला.

"उरुग्वे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चौदा वर्षांच्या मुलासारखा फाटला.

बोलायचं बटण दाबून त्यांनी आपली अक्षरं सांगितली. एकदा. दोनदा. चंपा ऐकत राहिली. ती बाई दुसऱ्या कोणाशी बोलतेय. बोलतेय. संपलं. आता थांबली. विचारतेय, कोण आहे, परत सांगा. तिनं दाजींची अक्षरं परत म्हणून दाखवली आणि शेवटचं चुकवलं.

चंपानं हात आडवा हलवला. परत.

दाजींनी परत सांगितलं. शेवटचं अक्षर तीनदा. आणि बाई उत्तर द्यायला लागली तेवढ्यात

टर्र्र्र्र्र्र.

"नेत्रा!" चंपा किंचाळली. हे शेडच्या सगळ्या नियमांविरुद्ध होतं.

पुतळाबाई कठड्याशी धावल्या. "गो नेत्रा! बंद कर ती मशीन! बाय आलीय!"

"कोण बाय?"

"उरु... उरु... लांबची हाय! पाय उचल!"

"काकू, शेवटची साडी!"

"हातानं फिरव! दोन मिन्टं!"

एक क्षण. मग टर्र थांबलं. नेत्रा खरंच हातानं चाक फिरवत होती.

आणि त्या जागेत, स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीतून, बाईनं दाजींची सगळी अक्षरं म्हटली. शेवटचंसुद्धा. मग आकडे. फाइव्ह. थ्री. मग स्वतःचं नाव, इनेस, आणि गावाचं नाव, साल्तो.

चंपानं पाच बोटं दाखवली, मग तीन. दाजींनी तिला तिचे आकडे दिले: फाइव्ह, फाइव्ह. आता बाईनं ते मिळाले म्हणायचं राहिलं होतं. खरखर. खरखर. वर पत्र्यावर मनोजनं एक पाय बदलला, टोक हललं, सगळं बुडायला लागलं. चंपा खुर्चीतच वर उचलली गेली, जणू तिनंच तो बांबू धरलाय.

मग आलं. "रॉजर." मिळाले.

चंपानं दाजींकडे बघितलं. ते तिच्या हातांकडे बघत होते, आणि तिला एकदम कळलं की यासाठी खूणच नाही. श्रीलंकेला आहे, इटलीला आहे, याला नाही. छत्तीस वर्षांत लागलीच नव्हती.

तिनं दोन्ही हात उचलले आणि खांद्यावर ठेवले. पुरा झाला. उतरवा.

तिकडे इनेस वाट बघत होती. दाजींनी बटण दाबलं आणि छत्तीस वर्षं घोकलेलं इंग्रजी सगळं विसरून म्हणाले, "लय उपकार झाले, बाय."

इनेसला काय कळलं देव जाणे. ती हसली. ते हसू दाजींनाही ऐकू आलं. मग तिनं लांबलचक काहीतरी सांगितलं आणि दाजींनी आवाज भोंग्यावर मोठा करून, अर्धं ऐकून अर्धं अंदाजानं, मराठी केलं: "तिचाही संच तासभर मुका होता. तिचा नवरा छपरावर चढलाय, तार शोधायला. अजून उतरला नाही."

"तिला म्हणावं, आमचाही उतरला नाही," चंपा म्हणाली.


६:२०

"बाबा!" पत्र्यावरून. "लागली का?"

कोणी त्याला सांगितलंच नव्हतं. नकाशापुढे तिघं उभी होती. सहावी टाचणी डबीत गंजली होती, म्हणून पुतळाबाईंनी ब्लाउजची सेफ्टी पिन काढून दिली होती.

"कधीची लागली!" पुतळाबाई म्हणाल्या. "उतर आता. न् माजा बांबू आन."

मनोज खाली आला तेव्हा त्याचे हात खांद्यापासून हलत नव्हते. त्यानं नकाशावरची पिन बघितली. मग खुणांच्या वहीत मोकळ्या जागी चंपानं लिहिलेलं 'दक्षिण अमेरिका' बघितलं. मग खिडकीतून वर, त्या वाकड्या तारेकडे.

"बाबा, एक विचारू? सूर्यामुळे लागली की बांबूमुळे?"

"तुझ्यामुळे," दाजी म्हणाले.

मनोजनं बाहेर जाऊन पॅनेलवाल्याला फोन लावला. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"हां, त्या बाजूची एक ओळ कमी करा. खांब राहतोय तिथला. नाही हो, डिशचा नाही. मोबाइल टॉवरचा पण नाही. अरे, कसं सांगू तुम्हाला... दक्षिण अमेरिकेचा. आणि ऐका, तुमच्या माणसाकडे कप्पी असेल का? चांगली, दोरी न अडकणारी."


नोंद

१७:५२ | उरुग्वे, साल्तो | तिकडून ५–३, इकडून ५–५ | बोलणार: दाजी | कान: चंपा | टोक: मनोज | चाक: नेत्रा | बांबू: परत दिला.


शनिवार, सकाळी ८:१०

चोवीस लूम चालू. चंपाचे कान निवांत.

मनोज शेडच्या दारात आला. तो कधी खुणांनी बोलत नाही, लागलं की एखाद्याला बाहेर बोलावून सांगतो. आज तो लूमच्या रांगेपलीकडून चंपाकडे बघत उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात उचलले. खांद्यापर्यंत न्यायचे होते. कोपरापर्यंत आले, तिथे थरथरले, तिथेच राहिले. तोंड वाकडं झालं.

चंपा इतकी हसली की कांडीवरचं सूत तुटलं. गाठ मारता मारता तिनं एक हात वर केला आणि पालथा पंजा हळू खाली नेला.

बीम संपत आलंय, बदला.

मनोजला ती खूण कळली. तो बीम आणायला वळला, दोन पावलं गेला, परत फिरला आणि ओठांनीच, अगदी स्पष्ट, विचारलं: पुढच्या शुक्रवारी कुठला देश?